तीन महिने, तीन अंगठे

आईचे अंगठे गुळगुळीत झालेत. वीस वर्षं लोकांची धुणीभांडी केल्यावर रेघा राहणार तरी कुठे? रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की "मावशी, लागला नाही, परत ठेवा" हे ठरलेलं. ती पदराला बोट पुसते, परत ठेवते. आम्हाला फसवलं ते नेमकं या सवयीच्या आडून.

2025 च्या पावसाळ्याआधी सरकारनं जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदमच द्यायचं ठरवलं. आमचं केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबातलं, माणसं पाच. माणशी 5 किलोनं महिन्याला 25, म्हणजे तिन्ही मिळून 75 किलो गहू-तांदूळ. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला आमची एक खोली. पाऊस लागला की भिंतीला ओल. तेव्हा दुकानदार "एवढं एकदम ठेवणार कुठे? आज 25 न्या, बाकीचं सवडीनं" म्हणाला, ते आईला पटलं. बरंच वाटलं तिला. अंगठा मात्र त्या दिवशी तीनदा घेतला. आईला वाटलं, नेहमीसारखा लागत नसेल. मशीनमधून चिठ्ठ्या निघाल्या, त्या फाडून त्यानं गल्ल्यात टाकल्या. तिनं मागितल्या नाहीत, कारण तोवर आम्ही कधीच मागत नव्हतो.

आठवड्यानं मी गाडीवरून दुसरे 25 किलो आणले. तिसऱ्या खेपेला "माल यायचाय". मग "गोदामातूनच कमी आलंय". जुलै संपता संपता सरळ "तुमचं झालंय सगळं, हे बघा मशीनवर." मशीनवर खरंच झालं होतं. मी आवाज चढवला तर रांगेकडे बघत म्हणाला, "फुकट मिळतंय, तरी भांडणं!" रांगेतलं कुणी बोललं नाही आणि खरं सांगायचं तर मीही गप्प झालो. 2023 पासून पैसे पडत नाहीत, तेव्हापासून आमची जीभ जड झालीय. गव्हाचे 2 आणि तांदळाचे 3 रुपये किलोमागे मोजत होतो, तेव्हा निदान हिशोब विचारायला लाज वाटायची नाही. क्विंटलमागे तेव्हाच्या 150 रुपयांच्या मार्जिनवर वर्षानुवर्षं दुकान चालवणं सोपं नाही, हेही मला कळतं. म्हणून माझ्या आईचा अंगठा वापरायचा?

पहिली तक्रार मी स्वतःच वाया घालवली. रेशनच्या परिमंडळ कार्यालयात जाऊन दहा मिनिटं तावातावानं बोललो, सगळे चोर आहेत वगैरे. टेबलामागच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कार्डाचा नंबर? तारीख? पावती?" यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. बाई तुसड्या होत्या, पण प्रश्न बरोबर होते.

घरी येऊन सरकारच्या 'मेरा राशन' ॲपमध्ये आमच्या कार्डाची नोंद बघितली. एकाच तारखेला तीन व्यवहार, प्रत्येकी 25 किलो. आईचा अंगठा 'लागत नव्हता' तेव्हा तो लागत होता! अंगठा खरंच लागला नाही तर मशीन चिठ्ठी छापत नाही, एवढं जरी आम्हाला आधी माहीत असतं तरी चाललं असतं. आणि धान्य उचललं की येणारा एसएमएस? कार्डाला जोडलेला नंबर धाकट्या भावाचा, ते सिम कधीच बंद पडलेलं.

मग अर्ज नीट लिहिला. कार्ड नंबर, दुकानाच्या पाटीवरचा दुकान क्रमांक, कोणत्या तारखेला किती मिळालं आणि नोंद किती झाली. सोबत स्क्रीनशॉटची प्रिंट. शेजारच्या दोन घरांचं ॲपवर बघितलं तर तीच रड. त्यांचे अर्ज वेगळे दिले, कारण एका कागदावर पन्नास सह्या केल्या की ते निवेदन होतं, कुणाचे किती किलो गेले ते त्यात दिसत नाही. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. 1967 वरही फोन केला. हा नंबर फुकट लागतो, 1800-22-4950 हाही आहे. तिथे तक्रार क्रमांक देतात, तो लिहून ठेवायचा. तरी कुणी हललं नाही तर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यापुढे राज्य अन्न आयोग. आमच्यावर ती वेळ आली नाही.

निरीक्षक यायच्या आदल्या संध्याकाळी दुकानातला पोरगा दारात. "पोतं घरी आणून देतो, अर्ज तेवढा मागे घ्या." आई जवळजवळ हो म्हणाली होती, रोज त्याच गल्लीतून जायचं असतं तिला. मी म्हटलं, पोतं द्यायचंच असेल तर उद्या साहेबांसमोर दे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरच 25 किलो मोजून मिळाले, शेजारच्या दोघींनाही. वहीतला साठा आणि दुकानातला साठा जुळला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पुढं नोटीस गेली म्हणतात.

सप्टेंबरपासून आम्ही पलीकडच्या दुकानात जातो. तेच दुकान धरून बसायची सक्ती आता नाही, कुठल्याही रेशन दुकानात अंगठा चालतो. परवा तिथेही मशीन अडलं. "मावशी, परत ठेवा." आईनं हात पदराखाली घेतला आणि मशीनच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"कागद आलाय का बघ आधी," म्हणाली.