“गॅपचं काम करून देतो, ताई”

बी.ए. झालं २०१२ साली आणि त्याच वर्षी लग्न. बी.एड. करायचं राहिलं ते राहिलंच. २०२४ मध्ये धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा घरात सांगून टाकलं की आता मी शिकणार. सीईटी दिली, मार्कही बरे पडले. पण दोन वर्षांचा कोर्स, खाजगी कॉलेजची फी, वर रोजचा एसटीचा पास. दोन एकराच्या शेतीत हे बसवायचं कसं? म्हणून शिष्यवृत्ती शोधायला लागले आणि त्या शोधात माझे २२,८५० रुपये गेले. मध्येच शिक्षण सुटलेल्या बायकांना हे लोक नेमके हेरतात, म्हणून घडलं ते सगळं लिहिते आहे.

त्या जुलैत जिथं तिथं मुलींच्या मोफत शिक्षणाचीच चर्चा होती. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय खरा आहे: वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत. या खऱ्या बातमीच्या आडोशाला खोट्या जाहिराती फिरत होत्या. मला फेसबुकवर एक दिसली, ‘शिक्षणात खंड पडलेल्या महिलांसाठी विशेष शिष्यवृत्ती, ८०,००० रुपये’. खाली फॉर्म होता. नाव, मोबाइल, शिक्षण, आणि किती वर्षांचा खंड. मी प्रामाणिकपणे १२ लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. आवाज तरुण मुलाचा, बोलणं अतिशय अदबीचं.

“ताई, बारा वर्षांचा गॅप आहे तुमचा. साध्या शिष्यवृत्तीत तुमचा फॉर्म पहिल्या फेरीतच बाद होतो. पण काळजी करू नका, आम्ही गॅपचं काम करून देतो.”

हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. वय चौतीस, मुलं शाळेत, आणि मी वीस-बावीस वर्षांच्या पोरींबरोबर रांगेत उभी राहणार, ही लाज मनात आधीपासून होती. कुणीतरी घरबसल्या ते काम करून देतंय म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. तो मला “शिकताय हे फार मोठं काम करताय ताई” असंही म्हणाला. तोवर मला असं कुणीच म्हटलं नव्हतं.

आधी नोंदणीचे १,९५०. व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, गुणपत्रकं सगळं मागवून घेतलं. चार दिवसांनी ‘गॅप मंजुरी’चे ६,४०० आणि मग एक पत्र आलं. वर तीन सिंहांची राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मधे माझं नाव. ते पत्र मी झूम करकरून कितीदा पाहिलं असेन! ‘विद्यार्थिनी’ हा शब्द त्यात दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला होता. मराठीची पदवीधर मी, मला ते दिसलं होतं. शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईनं त्यावर बोट ठेवायला हवं होतं. मी टायपिंगची चूक समजून सोडून दिलं.

पैसे पाठवताना यूपीआयच्या स्क्रीनवर नाव यायचं ते कुठल्या संस्थेचं नाही, एका माणसाचं. विचारलं तर म्हणाला, “आमचे अकाउंट्सचे साहेब आहेत.” आणि दर वेळी एक सूचना: मंजुरी हातात पडेपर्यंत कॉलेजात किंवा घरात बोलू नका, अर्ज अडकतात.

तिसरी मागणी १४,५०० ची. अनामत, शिष्यवृत्तीबरोबर परत मिळणार म्हणे. एवढे पैसे नव्हते. मी बचत गटातून १५,००० उचलले, महिना दोन टक्के व्याजानं. कारण लिहिलं ‘कॉलेजची फी’. सह्या करणाऱ्या बायकांमध्ये दोघी रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या होत्या. माझे स्वतःचे गेले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं आहे.

मग टीडीएसचे, म्हणजे आधीच कापायच्या कराचे, ११,००० मागितले तेव्हा हात थांबला. त्याच आठवड्यात कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, कॉलेज मिळालं. प्रवेश घ्यायला गेले आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसलेल्या मॅडमना ते पत्र दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, “तुमचा प्रवेश आज होतोय. मग ही मंजुरी गेल्या महिन्यात कशावर दिली?”

मला तो क्रमच माहीत नव्हता. सरकारी योजनेत आधी प्रवेश, मग महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर स्वतःचा अर्ज, मग कॉलेजची पडताळणी, मग विभागाची. आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. यात कुणाच्या खात्यावर अनामत भरायची जागाच नाही. आणि ज्या गॅपसाठी मी ६,४०० मोजले, त्याला लागतं फक्त एक प्रतिज्ञापत्र: अमुक वर्षं घरगुती कारणानं शिक्षण घेतलं नाही, दुसरीकडे कुठं प्रवेश घेतला नव्हता. त्याच मॅडमनी मला उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख बघायला लावली, आधार खात्याला जोडलंय का ते तपासायला सांगितलं आणि अर्ज भरून घेतला. तो अजून पडताळणीत आहे. मंजूर नाही झाला तर बँकेत जाईन. शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो आणि ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, हेही मला त्या खिडकीतच कळलं. एवढी माहिती फुकट मिळत होती, आणि लाजेपायी मी तिथं गेले नव्हते.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो रागावला नाही, गप्प बसला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. समोरच्या बाईंनी व्यवहारांचे नंबर लिहून घेतले आणि विचारलं, “शेवटचे पैसे कधी पाठवले?” नऊ दिवस झाले होते. रक्कम त्या खात्यातून केव्हाच पुढं गेली होती. शंका आली त्याच तासाला १९३० लावा, खात्री होईपर्यंत थांबू नका. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत गोठवता येतात. पोलीस ठाण्यातही तक्रार दिली, पोचपावती जपून ठेवली आहे. माझी कागदपत्रं त्यांच्याकडं आहेतच, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि बँकेत लेखी कळवून ठेवलं.

गटाच्या पुढच्या बैठकीत उभी राहून खरं काय ते सांगितलं. हप्ते मी भरते आहे.

परवा पुन्हा एक फोन आला. या वेळी बाईचा आवाज. “तुमची सायबर तक्रार आमच्याकडं आली आहे, २२,८५० परत मिळतील, फाइल फी फक्त २,५०० भरा.” आकडा अगदी बरोबर होता. तो मी पोलिसांखेरीज कुणाला सांगितला नव्हता, पण ज्यांनी घेतले त्यांना तो माहीत असणारच. मी एक शब्द न बोलता फोन ठेवला आणि तो नंबर सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकला.