रजिस्टर, बारकोड, क्यूआर की आरएफआयडी? कोकणातल्या छोट्या संग्रहालयांनी काय घ्यावं

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी वाचनालयाच्या माडीवर, कुणी देवस्थानाच्या खोलीत, कुणी जुन्या वाड्यात संग्रह जपून ठेवलेला असतो. दुखणं बहुधा सारखंच. वस्तू आहे, नोंद आहे, पण ती आत्ता कुठल्या कपाटात आहे हे एकाच माणसाला ठाऊक, आणि तो नेमका मुंबईला गेलेला. मग कमिटीत कुणीतरी म्हणतं, बारकोड लावून टाकू या.

आधी रजिस्टर. त्याला कमी लेखू नका. दोन-अडीचशे वस्तू, त्याही फारशा न हलणाऱ्या, आणि प्रत्येक कपाटाला, खणाला ठरलेला क्रमांक असेल, तर ‘कपाट ३, खण २’ एवढी नोंद पुरते. वीज गेली, रेंज गेली, तरी काम अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. १४३२ चं १४२३ लिहिलं जातं, आणि प्रदर्शनाच्या गडबडीत वस्तू हलवल्यावर ‘मागाहून लिहू’ म्हणून नोंद राहून जाते.

बारकोडने यातली पहिली चूक जाते, दुसरी नाही. वस्तूचा कोड स्कॅन करायचा, मग खणाचा. झाली जागेची नोंद. म्हणजे खणांनाही कोड हवेत, आणि नेमकं हेच अंदाजपत्रकात राहून जातं. कोडमध्ये फक्त नोंदणी क्रमांक घाला. कपाटाचं नाव घातलंत, तर वस्तू हलली त्याच दिवशी लेबल खोटं पडेल. खरा फायदा दिसतो वार्षिक पडताळणीत. खण स्कॅन केला, त्यातल्या वस्तू ओळीने स्कॅन केल्या, की काय कमी आणि काय भलतीकडचं आलंय ते कळतं, तेही गुंडाळलेली वस्तू न सोडता. सॉफ्टवेअरचा बाऊ नको. मोठ्या सरकारी संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची ‘जतन’ ही संग्रह-नोंदणीची प्रणाली आहे. तुम्हाला सुरुवातीला एक्सेल चालेल.

रेघांचा बारकोड घ्यावा की क्यूआर? माझं मत क्यूआरला. रेघांचा कोड लांबट असतो, छोट्या टॅगवर मावत नाही, आणि टॅग वाकला तर स्कॅनर अडून बसतो. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शनची) सर्वांत वरची पातळी निवडली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. शिवाय फोनवर चालतो, वेगळा स्कॅनर लागत नाही.

एक खोच मात्र आहे. आपले क्रमांक ‘२७/अ’ असे देवनागरीत असतात. कोड ३९, कोड १२८ हे रेघांचे प्रकार देवनागरी घेत नाहीत. क्यूआर घेतो, पण फोनऐवजी यूएसबी स्कॅनर वापरलात तर तो संगणकाला कीबोर्डच वाटतो. मराठी टायपिंग चालू असेल तर रोमन कोडचीही भलतीच अक्षरं उमटतात. म्हणून कोडमध्ये रोमन अक्षरं-आकडे ठेवा, खाली देवनागरीत ठळक क्रमांक छापा आणि स्कॅन करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा.

कोकणात खरी परीक्षा होते ती लेबलची. कुरिअरच्या पाकिटावर असतं तसलं थर्मल लेबल उष्णतेने आणि काळाने पुसट होतं. कागदी स्टिकरचे कोपरे पावसाळ्यात सुटतात, गोंद चिकट होऊन बाहेर येतो आणि उरलेलं कसर खाते. पॉलिस्टर लेबल आणि त्यावर रेझिन रिबनची (लेबल प्रिंटरमधल्या टिकाऊ शाईच्या फितीची) छपाई महाग पडते, पण टिकते. वस्तूवर थेट काहीही चिकटवू नका. आम्लरहित कार्डाचा टॅग सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर लेबल डब्यावर लावा. टॅग सुटतात, म्हणून दगड-धातूच्या वस्तूवर दिसणार नाही अशा जागी पॅरालॉइड बी-७२ चा (अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या, पुन्हा काढता येणाऱ्या पारदर्शक राळेचा) पातळ थर देऊन शाईने क्रमांक लिहिलेला हवाच. सावंतवाडीच्या लाखकामावर मात्र हे करू नका. त्या थरातलं अ‍ॅसिटोन रंग उचलतं.

दशावतारी गंजिफाच घ्या, म्हणजे दहा अवतारांचे दहा गट असलेले हाताने रंगवलेले गोल पत्ते. पानं १२०, त्यामुळे डब्याला एक कोड पुरतो. पण मत्स्याची १२ पानं काचेत लावायला काढली, की त्यांना उपक्रमांक आणि स्वतंत्र टॅगचं पाकीट हवं. नाहीतर डबा ‘जागेवर’ दिसेल आणि पानं कुणाच्याच हिशेबात नसतील.

आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचायचे टॅग, तूर्त सोडून द्या. पेटी न उघडता एकदम अनेक वस्तू वाचता येतात हे खरं, पण आपल्याकडे समया, तलवारी, तोफगोळे, आणि धातूजवळ साधे टॅग नीट वाचले जात नाहीत. धातूसाठीचे खास टॅग मिळतात, पण महाग. रीडरही महाग, आणि वस्तू खोलीत आहे एवढं कळलं तरी नेमक्या कुठल्या खणात, हे बहुधा उरतंच.

हजारभर वस्तू असतील, किंवा त्या वारंवार प्रदर्शनाला जात असतील, तर क्यूआर घ्या. रजिस्टर चालूच ठेवा आणि दर महिन्याला एक्सेल शीटची छापील प्रत काढा. पण सगळ्या संग्रहाची लेबलं एकदम छापू नका. मे महिन्यात एका कपाटाला दोन-तीन प्रकारची लेबलं लावा, दसऱ्यानंतर फोनने वाचून बघा, आणि टिकेल त्याचीच ऑर्डर द्या.