पाणी ओसरले, ताप उतरला: कुठे कोणते क्रियापद?

'कमी होणे' कुठेही चालते, म्हणूनच त्यातून चित्र उभे राहत नाही. बातमी, सूचना किंवा सबटायटल लिहिताना खरी निवड असते ती ओसरणे, उतरणे, शमणे आणि निवळणे यांत.

ओसरण्यात 'सरणे' आहे. जे पसरले, चढून आले, ते मागे सरते आणि जागा मोकळी होते. मुंबईत हिंदमाताच्या सखल भागात पावसाचे पाणी तुंबते. मोठी भरती असेपर्यंत त्याला समुद्रात जायला सहज वाट मिळत नाही; ओहोटी लागली की दुभाजक दिसतो, मग रस्त्याची कड. हे पाणी ओसरणे. दादरच्या पुलावरची गर्दीही अकरानंतर ओसरते, पण पोलिसांनी हटवलेला जमाव पांगतो.

उतरणे मोजपट्टीवरचे. 102 वरून 99 वर आलेला ताप उतरला. वस्तीतली तापाची साथ मात्र ओसरते. टोमॅटोचे भाव उतरतात, बाजारातली तेजी ओसरते. सुजेला दोन्ही चालतात. 'पुराची पातळी ओसरली' असे सर्रास लिहिले जाते, पण ओसरते ते पाणी, पातळी उतरते. उन्हाळ्यात तानसा तलावाची पातळी मात्र 'खालावली' म्हणावे, त्यात काळजी आहे. विहीर आटते, कारण तिचे पाणी मागे सरलेले नसते, संपत आलेले असते.

सर्वात महागात पडते ते 'पाऊस ओसरला'. सरी चालूच असतील तर 'पावसाचा जोर ओसरला' लिहा, थांबला असेल तर 'पावसाने उघडीप दिली'. वाचणारा त्यावर छत्री घ्यायची की नाही हे ठरवतो.

ओसरणे अकर्मक आहे. 'पालिकेने पाणी ओसरवले' कानाला खटकते. पंप लावून पाणी उपसतात, त्याचा निचरा करतात. उतरवणे, शमवणे ही रूपे मात्र रुळलेली आहेत. आणि तासन्‌तास वाट पाहूनही पाणी हलत नसेल, तर 'ओसरले नाही' यापेक्षा 'ओसरेना' म्हणा. ताटकळणे त्या एका शब्दात येते.

शमते ते आतून पेटलेले: भूक, आग, वादळ. निवळते ते गढूळ: तुरटी फिरवल्यावर बादलीतला गाळ तळाशी बसतो आणि पाणी निवळते, तसाच दोन घरांतला तणाव. राग तिन्ही क्रियापदे घेतो. ओसरला म्हणजे भर गेला, शमला म्हणजे धग गेली, निवळला म्हणजे मनातली अढीही गेली.