एआयसीटीई इंटर्नशिप पोर्टल : क्रेडिटची इंटर्नशिप इथून खरंच मिळते का?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप आता टाळता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, धोरणात चार वर्षांत मिळून 600 ते 700 तासांचं काम आणि त्याला 14 ते 20 क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, अशी मांडणी आहे. विद्यापीठं ती आपापल्या पद्धतीनं बसवतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात संगणक शाखेला सहाव्या सत्रात इंटर्नशिपचे 4 क्रेडिट आणि 100 गुण आहेत. हे काम शोधता यावं म्हणून परिषदेनं स्वतःचं पोर्टल काढलं आहे. संगणक आणि आयटीच्या मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी नोंदणी जरूर करावी, पण त्याच्या भरवशावर सुट्टीचे आठवडे घालवू नयेत.

नोंदणी सोपी आहे आणि विद्यार्थ्याला एक रुपया पडत नाही. ईमेल, मोबाइल, कॉलेज, शाखा, वर्ष एवढं भरलं की खातं तयार होतं आणि ‘एसटीयू’नं सुरू होणारा लांबलचक विद्यार्थी क्रमांक मिळतो. तो हातानं उतरवून घेऊ नका, कॉपी करून जपून ठेवा. पोर्टलला जोडलेल्या काही कार्यक्रमांत पुढं हाच क्रमांक मागतात. नाव गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच टाका. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी की शेवटी, ‘श्री’चं स्पेलिंग कसं, या फरकांमुळे प्रमाणपत्र एका नावाचं आणि परीक्षा अर्ज दुसऱ्या नावाचा असा घोळ होतो आणि तो निस्तरायला विभागात खेटे घालावे लागतात. सगळीकडे एकच ईमेल ठेवा, आणि तो कॉलेज सुटल्यावरही चालू राहील असा असावा.

जाहिरातीत काम, ठिकाण, कालावधी, विद्यावेतन आणि अर्जाची शेवटची तारीख दिसते. बहुतेक मुलं आधी विद्यावेतन पाहतात. आधी पाहायला हवा तो कालावधी, कारण गणित तासांचं आहे. परिषदेच्या धोरणात एका क्रेडिटला साधारण 40 ते 45 तास धरले आहेत, म्हणजे 4 क्रेडिटला 160 ते 180 तास. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास असलेल्या कारखान्यात चार आठवड्यांत 192 तास भरतात. एखादी सुट्टी आली तरी चालतं. पाच दिवसांच्या कार्यालयात तेवढ्याच चार आठवड्यांत जेमतेम 160 होतात आणि मधे एक सण आला की हिशेब तुटतो. घरून रोज दोन तास असलेली दहा आठवड्यांची जागा कागदावर लांबलचक दिसते, पण पाच दिवसांच्या आठवड्यानं तिचे तास होतात फक्त 100. आपल्या विभागाचा तासांचा नियम परिषदेपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून अर्ज करण्याआधी तो लेखी विचारून घ्या.

पोर्टलवर फिरताना आणि इतरत्र शोधताना सरकारी योजनांची नावं वारंवार समोर येतात, आणि इथं मुलांचा बराच वेळ वाया जातो. ट्युलिप हा नगरपालिका, महापालिका आणि स्मार्ट सिटींमधला कार्यक्रम जून 2020 मध्ये याच परिषदेबरोबर सुरू झाला. सिव्हिलच्या मुलांना तो फार आकर्षक वाटतो. पण त्याच्या मार्गदर्शक सूचना नुकत्याच पदवी मिळवलेल्यांसाठी आहेत, अंतिम निकालानंतर 18 महिन्यांच्या आतल्यांसाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना बारा महिन्यांची, आणि तिच्या सुरुवातीच्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्याला अर्जच करता येत नव्हता. नॅट्सवरची, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेतली, पदवीधर अप्रेंटिसशिपही पदवीनंतरची. तिन्ही योजना आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण तिसऱ्या वर्षाचे क्रेडिट भरायला त्यांचा उपयोग नाही.

संगणक आणि आयटीसाठी पोर्टलची खरी ताकद व्हर्च्युअल, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन करायच्या, इंटर्नशिपमध्ये आहे. एड्यूस्किल्स या संस्थेबरोबरचे दहा आठवड्यांचे क्लाउड, सायबर सुरक्षा, एआय-एमएल असे कार्यक्रम मोफत आहेत आणि त्यांतला अभ्यास दर्जेदार आहे. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा पायाभूत अभ्यासक्रम नीट करणारा मुलगा नेटवर्क, स्टोरेज, परवानग्या यांवर मुलाखतीत ठामपणे बोलू शकतो. तरीही याला काम म्हणणं मला पटत नाही. वरिष्ठ नाही, कोणी तपासलेला कोड नाही, चुकलं तर कुणाचं अडत नाही. हा उत्तम अभ्यासक्रम आहे, आणि काही विभाग तो इंटर्नशिप म्हणून मान्य करतात, काही करत नाहीत. मान्य असेल तर दोन गोष्टी सांभाळा. अभ्यास एका ईमेलवर आणि तो पूर्ण केल्याचा डिजिटल बॅज दुसऱ्यावर असं झालं की पडताळणी अडकते. आणि अपलोडचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. क्विझ राहिलेलं एखादं मॉड्यूल तेव्हाच सापडतं.

आता ज्या जागांपासून दूर राहावं त्यांच्याविषयी. यादीत नाव असलं म्हणजे परिषदेनं त्या कामाची हमी घेतली असं होत नाही. अर्ज केल्यावर काही मिनिटांत मुलाखतीशिवाय ऑफर लेटर आलं, मग लॉगिन पेज, कॅल्क्युलेटर, पोर्टफोलिओ अशी तीन कामं देऊन ती लिंक्डइनवर कंपनीला टॅग करून टाकायला सांगितली, आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी किंवा ‘ट्रेनिंग किट’साठी पैसे मागितले, तर ते प्रमाणपत्राचं दुकान आहे. लेटरवरचे शिक्के पाहून भुलू नका. उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी कुणालाही ऑनलाइन, फुकट, स्वतःच्या माहितीवर करता येते. आयएसओ 9001 हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक आहे, इंटर्नशिपच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड म्हणवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाकून स्थापनेचं वर्ष आणि पत्ता पाहा. जीएसटी क्रमांकही तसाच तपासता येतो. मग थेट विचारा: माझं काम कोण पाहणार, त्यांचं पद काय, आणि आठवड्यातून किती वेळा भेट होणार? खऱ्या कंपनीकडे याचं उत्तर एका ओळीत असतं.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलसाठी आजही एमआयडीसीचं गेट आणि कॉलेजचा टीपीओ, म्हणजे प्लेसमेंट अधिकारी, हेच खात्रीचे रस्ते आहेत. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी इथल्या लहान-मध्यम कारखान्यांपैकी बरेच पोर्टलवर जाहिरात देण्याच्या फंदात पडत नाहीत. विभागाचं पत्र घेऊन गेलेल्या मुलाला ते घेतात. सुट्टी लागायच्या दीड-दोन महिने आधी निघा, कारण सगळी कॉलेजं एकाच आठवड्यात एचआरच्या दारात उभी राहतात. बरोबर काय न्यायचं? विभागप्रमुखांच्या सहीचं विनंतिपत्र किंवा एनओसी (ना-हरकत पत्र), त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आधार कार्ड आणि कॉलेजचं ओळखपत्र यांच्या प्रती, अपघात विम्याचा कागद. सेफ्टी शूज बहुतेक ठिकाणी स्वतःचे लागतात. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तासांचं वेळापत्रक आखताना हे ध्यानात ठेवा.

कारखाना मोठा असला की शिकायला जास्त मिळतं, हा समज चुकीचा आहे. मोठ्या प्लांटमध्ये इंटर्नला बहुधा लाइनच्या पिवळ्या पट्टीबाहेर उभं करतात. पंचवीस-तीस माणसांच्या मशीन शॉपमध्ये मुलगा चौथ्या दिवशी इन्स्पेक्शन टेबलावर मायक्रोमीटर घेऊन बसलेला असतो. त्याला एक छोटं, मोजता येणारं काम मागून घ्यावं: एका व्हीएमसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या) एका जॉबचा, म्हणजे भागाचा, सायकल टाइम, सेटिंगला जाणारा वेळ, किंवा एका बोअरचं (भोकाचं) रिजेक्शन. रोज तीस जॉबची मापं घेऊन ठेवली तर दोन आठवड्यांत टूल झिजल्यावर माप कुठल्या बाजूला सरकतं हे आकड्यांत दिसू लागतं, आणि तोच अहवालाचा कणा होतो. ड्रॉइंगचे फोटो मात्र परवानगीशिवाय काढायचे नाहीत. ग्राहकाचं ड्रॉइंग अहवालात छापलं गेलं तर त्या कॉलेजच्या पुढच्या मुलांना ते गेट बंद होतं.

सिव्हिलवाल्यांनी चार आठवड्यांऐवजी सहा आठवडे घ्यावेत, आणि याचं कारण काँक्रीटमध्येच आहे. ताकद तपासायला काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे क्यूब, 7 आणि 28 दिवसांनी फोडतात. पहिल्याच दिवशी स्लॅब भरला तरी 28 दिवसांचा निकाल चार आठवड्यांच्या मुक्कामात हाती येत नाही, आणि पहिल्याच दिवशी स्लॅब मिळतो कुणाला? सहा आठवड्यांत भरणं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं), दोन्ही निकाल असं एक पूर्ण चक्र पाहायला मिळतं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 1 ते 5 घनमीटरला एक नमुना, 6 ते 15 ला दोन, 16 ते 30 ला तीन, 31 ते 50 ला चार, आणि एका नमुन्यात तीन क्यूब. साइटवर प्रत्यक्ष किती क्यूब भरले, कुणी भरले, टाकीत बुडवून ठेवले की उन्हात पडून राहिले, हे रोजच्या डायरीत लिहिलं तर तोंडी परीक्षेत दुसरं काही सांगायची गरज पडत नाही. बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांच्या मापांचा तक्ता) आणि साइटवर आलेलं स्टील यांचा मेळ घालणं हे दुसरं चांगलं काम.

पोर्टलवरून मिळो की गेटवरून, गुण शेवटी कागदांवर बसतात. परिषदेच्या धोरणात रोजची डायरी, हजेरीपत्रक, कंपनीतल्या मार्गदर्शकाचं मूल्यमापन, अहवाल आणि कॉलेजातलं सादरीकरण या सगळ्यांची सोय केलेली आहे. डायरीवर त्या-त्या आठवड्यात सही घ्या. महिन्याभराची एका बैठकीत लिहिलेली डायरी एकाच शाईवरून ओळखू येते. अहवालात कंपनीचा इतिहास एका पानात संपवावा, बाकी पानं आपल्या कामाची आणि आकड्यांची. रुजू झाल्याची तारीख एनओसीच्या तारखेच्या आधीची नसावी, नाहीतर विभाग ते आधीचे दिवस धरत नाही.

प्रमाणपत्राचा मसुदा शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच एचआरला द्या. त्यात पूर्ण नाव, शाखा, दोन्ही तारखा, एकूण तास, कामाचा एका ओळीत विषय, आणि सही करणाऱ्याचं नाव-पद हवं. ‘समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ एवढंच लिहिलेलं, तास नसलेलं प्रमाणपत्र विभागातून परत येतं, आणि तोवर सही करणारे साहेब दौऱ्यावर गेलेले असतात.