संमतीने सुटायचं की व्यभिचाराचा दावा लढायचा?

बायकोचं बाहेर प्रकरण आहे म्हणून नवरा हॉटेलचं बिल आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घेऊन वकिलाकडे येतो. 2018 पासून व्यभिचार गुन्हा राहिला नाही. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण मात्र आहेच. पण ते सिद्ध करण्यात वर्षं जातात, आणि एखाद्या चुकीने पोटगी सहसा बुडत नाही. ती थांबवायला संबंध चालू असल्याचं दाखवावं लागतं. संमतीने गेलात तर वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज, मग सहा महिने थांबणं (तेही कोर्ट माफ करू शकतं) आणि रक्कम दोघांनी ठरवलेली. मला हाच रस्ता बरा वाटतो. मुलांचं म्हणाल, तर पाच वर्षांखालचं सहसा आईकडेच राहतं, आणि आईच्या वागण्यापायी त्याचा खर्च बापाला टाळता येत नाही.