लिनक्स कर्नलचा डीएमए इंटरफेस : ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या बाजूने परीक्षण

डीएमए म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट वाचणे-लिहिणे. पण प्रोसेसरला जी मेमरी दिसते ती सगळी उपकरणाला दिसतेच असे नाही, आणि ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) प्रोग्राम, लिहिणाऱ्याच्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथेच असते. जुन्या आयएसए कार्डांचा डीएमए २४ बिटांचा, म्हणजे पहिल्या १६ एमबीपुरता होता. कित्येक पीसीआय कार्डांना ४ जीबीच्या पलीकडचा पत्ता देताच येत नाही. आणि २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ वर ४ जीबी मेमरी असूनही काही उपकरणांची पोच पहिल्या १ जीबीपर्यंतच आहे. ही मर्यादा कर्नलला कळवणे आणि हव्या त्या प्रकारची मेमरी मिळवणे, ही दोन्ही कामे लिनक्समध्ये डीएमए इंटरफेसमधून होतात. त्यातला मर्यादा कळवण्याचा भाग मला अतिशय चांगला वाटतो. मेमरी देताना पाळायच्या सूचनांचा भाग उपयोगी असला, तरी त्याची मांडणी धोक्याची आहे.

आधी चांगल्या भागाविषयी. ड्रायव्हरने मेमरी कुठून आणायची हे सांगायचे नसून आपले उपकरण किती बिटांचा पत्ता हाताळू शकते एवढेच सांगायचे, ही या इंटरफेसची मूळ भूमिका आहे. ही मर्यादा, म्हणजे मास्क, कळवणारे ‘डीएमए सेट मास्क अँड कोहेरंट’ हे फंक्शन सुरुवातीला एकदा बोलावले, की पुढे मेमरीचा झोन (पत्त्यांनुसार पाडलेला विभाग) कोणता निवडायचा, मध्ये आयओएमएमयू (उपकरणाच्या पत्त्यांचे भाषांतर करणारे हार्डवेअर) आहे का, आणि नसल्यास मजकूर उपकरणाच्या पोचेतल्या मधल्या बफरमधून फिरवायचा का, हे सगळे कर्नल ठरवतो. इतकेच काय, मेमरी मिळवून देणाऱ्या ‘डीएमए अलॉक कोहेरंट’ला कुणी सवयीने ‘जीएफपी डीएमए’ हा खालच्या झोनमधून मेमरी मागणारा फ्लॅग दिला, तर आजचा कर्नल तो काढून टाकतो आणि झोनची निवड स्वतःकडे ठेवतो. हा कडकपणा मला पूर्णपणे मान्य आहे. एका विक्रेत्याकडून आलेला ड्रायव्हर मी तपासला होता. त्यात प्रत्येक बफर ‘के-मॅलॉक’ या कर्नलच्या नेहमीच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनने आणि ‘जीएफपी डीएमए’ लावून घेतला होता. कार्ड पूर्ण ६४ बिटांचे होते, तरी ६४ जीबीच्या मशीनवर त्याची सगळी भिस्त खालच्या १६ एमबीवर होती, आणि यंत्र काही काळ चालू राहिले की मागणी फसायची. मास्क लावून तेच बफर डीएमए इंटरफेसकडून घेतल्यावर तो प्रश्न उरला नाही.

मधल्या बफरची सोय, म्हणजे एसडब्ल्यूआयओटीएलबी, अडल्यावेळी कामाला येते, पण तिच्यावर विसंबून रचना करू नये. तिचा साठा सहसा ६४ एमबीचा असतो आणि एका मॅपिंगमध्ये (बफर उपकरणाला वापरायला खुला करण्याच्या एका खेपेत) २५६ केबीच्या वर जाता येत नाही. मोठ्या सलग बफरसाठी २०१२ पासून कर्नलमध्ये असलेला सीएमए, म्हणजे सलग मेमरी मिळावी म्हणून जागा राखणारी सोय, हाच योग्य मार्ग आहे.

आता सूचनांकडे येतो. मॅपिंग किंवा ॲलोकेशन करताना ‘डीएमए ॲटर’ने सुरू होणारे काही ॲट्रिब्यूट, म्हणजेच या सूचना, देता येतात. पूर्वी त्यांच्यासाठी वेगळे स्ट्रक्चर होते. २०१६ साली आवृत्ती ४.८ मध्ये ते जाऊन साधे बिट आले आणि वापर खरोखरच सुटसुटीत झाला. माझी तक्रार अशी, की या एकाच रांगेत दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी बसवल्या आहेत. ‘अलॉक सिंगल पेजेस’ ही निव्वळ इच्छा आहे. आयओएमएमयूमागे मेमरी घेताना कर्नल टीएलबीच्या (भाषांतर केलेले पत्ते हाताशी ठेवणाऱ्या साठ्याच्या) फायद्यासाठी मोठे तुकडे शोधत बसतो, आणि मेमरी विखुरलेली असेल तर त्या शोधात बराच वेळ जातो. मजकूर क्रमाने वाचला जाणार असेल तर हा खटाटोप नको, एवढेच हा ॲट्रिब्यूट सुचवतो. कर्नलने तो मानला नाही तरी काही बिघडत नाही. ‘वीक ऑर्डरिंग’चेही, म्हणजे वाचन-लेखनाचा क्रम सैल ठेवण्याच्या मुभेचेही, तसेच आहे : ज्या प्लॅटफॉर्मवर ती सोय नाही तिथे त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष होते.

‘स्किप सीपीयू सिंक’ मात्र इच्छा नव्हे, ती ड्रायव्हरने दिलेली हमी आहे. कॅशेची (प्रोसेसरजवळच्या जलद साठ्याची) मेमरीशी जुळवणी, म्हणजे सिंक, मी स्वतः योग्य वेळी करून घेईन, असा तिचा अर्थ होतो. मेमरीचे एकच पान पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये तिचा फायदा मोठा आहे, कारण २ केबीची फ्रेम आली असता पूर्ण पानाची कॅशे साफ करण्याचे काम वाचते. पण हमी मोडली तर कर्नल काहीच बोलत नाही. एक्स-८६ वर कॅशे आणि डीएमए यांची जुळवणी हार्डवेअरच करत असल्याने चूक झाकली जाते. तोच ड्रायव्हर तशी सोय नसलेल्या आर्म बोर्डावर नेला, की पॅकेटमध्ये मधेच ६४ बाइटांचा जुना पट्टा दिसू लागतो आणि संशय आधी केबलवर, मग कार्डावर जातो. इच्छा आणि हमी यांची नावे तरी वेगळ्या धाटणीची असायला हवी होती.

दस्तऐवज एकंदरीत दर्जेदार आहेत. डेव्हिड मिलर, रिचर्ड हेंडरसन आणि याकुब येलिनेक यांनी लिहिलेली मार्गदर्शिका नवशिक्याने आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी अशीच आहे. ॲट्रिब्यूटांचे पान त्या मानाने तुटक आहे.

तपासणीसाठी कर्नलमध्ये ‘डीएमए एपीआय डीबग’ हा पर्याय आहे. मॅपिंगची चूक न तपासणे, दिशा किंवा आकार न जुळणे, मॅपिंग सोडायचे राहून जाणे, हे सगळे तो नेमके पकडतो. सिंक करायचे राहून गेले असेल तर ते मात्र त्याला कळत नाही. म्हणून ज्यांच्याकडे आर्म बोर्ड नाही त्यांनी एक्स-८६ मशीन ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स’ हा बूट पर्याय देऊन चालवावे. मग प्रत्येक स्ट्रीमिंग (एका देवघेवीपुरते केलेले) मॅपिंग मधल्या बफरमधून जाते, आणि जिथे सिंक सुटले आहे तिथे प्रोसेसरच्या हाती जुना मजकूर येऊन चूक टेबलावरच उघडी पडते.