सरसकट बंदी, आसाचं बंधन की बंद हंगाम? सार्वजनिक पाण्यासाठी नियम निवडताना

तळं, नदी, खाडी किंवा समुद्र सगळ्यांच्या मालकीचा असला की घातक मासेमारी बंद करा, ही मागणी कधी ना कधी पुढे येतेच. तिला विरोध फारसा कुणी करत नाही. गाडं अडतं ते ठराव लिहिताना. पद्धतच मोडीत काढायची, जाळ्याच्या आसावर (दोऱ्यांमधल्या भोकाच्या मापावर) बंधन घालायचं, काही महिने मासेमारी थांबवायची, की ठरावीक पट्ट्यात होड्यांना मज्जाव करायचा? कागदावर चारही उपाय चांगलेच दिसतात. माझ्या मते निवड एका प्रश्नावर करावी: नियम मोडला हे कुणाला, कुठे आणि कशावरून कळणार?

जिथे तुलनेला जागाच नाही

स्फोटकं, विष आणि करंट यांवर सरसकट बंदीच हवी. स्फोटाच्या धक्क्याने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते आणि मेलेल्यांपैकी बरेच मासे तळाशी जातात, हाती लागतच नाहीत. प्रवाळाचा चुरा होतो. तो लाटांबरोबर हलत राहतो, त्यामुळे नवं प्रवाळ तिथे तग धरत नाही. विषाला अंडी, पिल्लं, किडे सगळे सारखेच, आणि गोड्या पाण्यात ते खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्यातही जातं. करंट सोडणारा तर स्वतःच त्या पाण्यात उभा असतो. यांतलं काहीही हंगाम ठरवून किंवा जागा नेमून सुरक्षित होत नाही. अपवाद एकच लिहून ठेवावा: शास्त्रीय पाहणीत नियंत्रित करंटने मासे तात्पुरते बधिर करून मोजतात, ते परवान्याने चालू द्यावं.

शिक्षेचं कलम मात्र जपून लिहा. भारताच्या 1897 च्या मत्स्य कायद्यात स्फोटकं आणि विष या दोन्हींना मनाई आहे, पण मूळ कायद्यातली शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड एवढीच. रुपयांत लिहिलेला दंड काही वर्षांत हास्यास्पद होतो. परवाना रद्द, साधनं आणि पकड जप्त, ही शिक्षा महागाईने झिजत नाही.

आसाचं बंधन की जाळ्यावरच बंदी

आसाचं बंधन सगळ्यांत लवकर मंजूर होतं, कारण त्यात कुणाचा धंदा लगेच बुडत नाही. लहान मासा निसटावा, वाढावा, त्याने अंडी घालावीत, हा हिशेब बरोबरच आहे. पण पाण्याखाली वेगळंच घडतं. ओढून नेण्याच्या जाळ्यात हिऱ्याच्या आकाराचे आस असतील तर ओढ बसताच ते लांबट होऊन मिटतात, आणि जाळ्याच्या टोकाची, मासे साठणारी शेवटची पिशवी भरत गेली की पिल्लाला निसटायला फट उरत नाही. किनाऱ्यावर 40 मिलिमीटर भरलेलं जाळं पाण्यात तेवढं उघडं राहतंच असं नाही. चौकोनी आस ओढ बसली तरी बऱ्यापैकी उघडे राहतात. तेव्हा नुसतं माप लिहून भागत नाही. आसाचा आकार, मोजायची जागा (शेवटची पिशवी) आणि मोजायची रीत (ओल्या आसात पाचरीसारखी चपटी मापपट्टी घालून) हे सगळं लिहावं लागतं. जाळ्याच्या आत दुसरं जाळं लावायला मनाई हेही. नाहीतर वरचं जाळं कायदेशीर आणि आतलं मच्छरदाणीसारखं, असा प्रकार होतो.

दुसरी अडचण अशी की उष्ण प्रदेशातल्या पाण्यात डझनावारी जाती एकत्र राहतात. मोठ्या माशाला योग्य असलेल्या आसातून कोळंबी सगळी निघून जाते. एकाच जातीवर चालणाऱ्या तलावात आसाचं बंधन झकास, मिश्र पाण्यात ते तडजोडीचं.

मापाच्या नियमाचं काय होतं, हे वाहत्या जाळ्यांच्या (नांगर न टाकता प्रवाहाबरोबर वाहू दिलेल्या जाळ्यांच्या) बाबतीत दिसलं. संयुक्त राष्ट्रांच्या 1991 च्या ठरावाने मोठ्या वाहत्या जाळ्यांना 1992 च्या अखेरीपासून खुल्या समुद्रात स्थगिती मिळाली. युरोपात अडीच किलोमीटरपर्यंतची जाळी चालू राहिली. रात्री भर समुद्रात पसरलेल्या जाळ्याची लांबी मोजणार कोण? शेवटी 2002 पासून ट्यूना, तलवार मासा अशांसाठी लांबी कितीही असो, बंदीच आली. मग काही मच्छीमारांनी जाळ्याला तरंगता नांगर लावून ‘हे वाहतं जाळं नव्हेच’ असा पवित्रा घेतला आणि 2007 मध्ये व्याख्या नव्याने लिहावी लागली. इंडोनेशियानेही 1980 मध्ये जावा-सुमात्रा परिसरात ट्रॉलवर (बोटीमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्यावर) बंदी घातली. पुढे तिथे ‘चांत्रांग’ नावाचं ओढजाळं पसरलं, 2015 ला त्यावरही मनाई आली आणि आंदोलनांमुळे अंमलबजावणी पुन:पुन्हा लांबली. म्हणून बंदी नावावर नको, कामावर हवी: तळ खरवडत ओढलं जाणारं कुठलंही जाळं.

ट्रॉलबंदी: कुणाच्या खिशातून?

हाँगकाँगने 31 डिसेंबर 2012 पासून आपल्या पाण्यात ट्रॉलिंग पूर्ण थांबवलं, पण त्याआधी भरपाई आणि बोटी विकत घेण्याची तरतूद केली. मला हा नमुना जास्त पटतो. फक्त अशा योजनांत भरपाई मालकालाच मिळून खलाशी हात हलवत घरी जाऊ शकतो, ही खोच ठरावातच काढावी.

एक इशाराही. युरोपीय संघाने समुद्रतळाशी विजेचे झटके देणाऱ्या जाळ्यांवर 2019 मध्ये बंदी आणली, ती 2021 पासून लागू झाली. ही जाळी जड साखळ्यांच्या ट्रॉलपेक्षा तळ कमी उकरतात आणि इंधनही कमी खातात, असं शास्त्रीय सल्लागारांचं मत होतं. बंदीनंतर कित्येक बोटी पुन्हा साखळ्यांकडे वळल्या. या जाळ्यांमुळे आपल्या वाट्याचे मासे कमी होतात, ही लहान मच्छीमारांची तक्रार समजण्यासारखी होती, पण ‘बंदीनंतर हे लोक काय वापरतील?’ हे आधी विचारायला हवं होतं.

हंगाम आणि पट्टा

बंद हंगामाची तपासणी सगळ्यांत स्वस्त, कारण होडी बंदरात उभी आहे की नाही हे कुणालाही दिसतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना साधारणपणे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मनाई असते. पण घातक पद्धत यात थांबत नाही, फक्त सुट्टीवर जाते. पहिल्याच दिवशी सगळे तुटून पडतात. राखीव पट्ट्याचं उलट: प्रजननाची जागा नेमकी माहीत असेल तर फार परिणामकारक, पण सीमा दिव्यांनी, बोयांनी दिसली पाहिजे आणि रात्री गस्त हवी.

प्रकाशझोतातल्या मासेमारीला भारत सरकारने 2017 मध्ये मनाई केली. समुद्रात दिवे क्षणात विझवता येतात. जनरेटर आणि दिव्यांची चौकट मात्र धक्क्यावरही बोटीवरच असते. म्हणून वापरासोबत साधन बोटीवर बाळगण्यालाही मनाई लिहावी.

छोट्या तलावाच्या समितीला मी हा क्रम सुचवेन: स्फोटकं-विष-करंटवर आजच बंदी, मग अंडी घालायच्या महिन्यांत बंद हंगाम, आणि मापपट्टी घेऊन धक्क्यावर उभा राहणारा माणूस ठरला की मगच आसाचं बंधन. समुद्रकिनाऱ्यावर तळ खरवडणाऱ्या जाळ्यांचा प्रश्न आधी घ्यावा, भरपाईचा आकडा त्याच ठरावात लिहून.